गॅसची गोळी धरायची नसते

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त राग यायचा तो 'बसा' या शब्दाचा. कुठेही जा, पहिलं तेच. बँकेत बसा, दवाखान्यात बसा, शेजारी बारसं असलं तर 'या काका, बसा ना'. आणि मला तर बसवतच नव्हतं. खुर्चीला पाठ टेकली रे टेकली की आतून कुणीतरी ढकलायला लागायचं, ऊठ, ऊठ. मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या नाहीत, कळ म्हणावी तर कळ नाही. उठलो की घटकाभर बरं वाटायचं, मग उभंही राहवत नसे. मग चालायचं. हॉल, पॅसेज, गॅलरी, परत हॉल. आमचं सानपाड्याचं घर वन बीएचके. वन बीएचकेत माणूस चालून चालून चालणार किती? टीव्हीसमोरून मी इतक्यांदा आडवा जायचो की मालिकेतली सासू सुनेला नेमकं काय बोलली ते आमच्या हिला कित्येक दिवस अर्धंच कळत होतं.

"अहो, सोसायटीचा वॉचमन पगार घेऊन इतकं चालत नाही," ती म्हणायची.

मी हसायचो. हसणंही धड जमत नव्हतं म्हणे. चेहऱ्यावर इस्त्री फिरवल्यासारखं दिसतं, असं तीच एकदा म्हणाली. मी ती स्तुती समजलो. या वयात सुरकुत्या कमी झाल्या तर कुणाला नको आहे?

आता थोडं मागं जातो. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत टिपणं लिहिली. तिथला एक अनुभव सांगून ठेवतो: फाईल उघडायला कुणीही तयार असतो, बंद करायची सही मात्र कुणी करत नाही. उद्या काही झालं तर? म्हणून शेरा पडतो, 'चालू ठेवावी'. निवृत्त झालो आणि माझ्या गोळ्यांचं हुबेहूब तेच सुरू झालं. प्रेशरच्या डॉक्टरांनी प्रेशरची दिली. शुगरच्या डॉक्टरांनी शुगरची दिली आणि म्हणाले, बाकीचं चालू ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची आणि कोलेस्टेरॉलची दिली, बाकीचं चालू ठेवा. लघवीच्या डॉक्टरांनी लघवीची दिली, बाकीचं चालू. कुणी एकानेही दुसऱ्याची गोळी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही बघू दिली नसती. मला त्या गोळ्यांचा अभिमान होता. दिवाळीत आलेल्या सुक्या मेव्याच्या डब्यात मी त्या कप्प्याकप्प्यांत लावून ठेवल्या होत्या. काजूच्या कप्प्यात प्रेशर, मनुकांच्या कप्प्यात शुगर. पाहुणे आले की मी तो डबा दाखवायचो. एकदा एका पाहुण्याने सवयीने हात घातला होता.

एवढ्या गोळ्या पोटात गेल्यावर पोट गप्प बसेल कसं? ते बोलायला लागलं. जेवण झालं की छातीशी जळजळ, ढेकरा, मध्येच असा आवाज की समोरचा माणूस माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघायचा. हे मी कट्ट्यावर बोललो, आणि चूक तिथे झाली.

कट्टा म्हणजे आमच्या बागेतली कडुनिंबाखालची दोन बाकडी. तिथे सकाळी आम्ही निवृत्त मंडळी जमतो. माझे तिथले खास मित्र मूळचे साताऱ्याकडचे. मसाला मार्केटात त्यांचा गाळा होता, आता मुलगा बघतो. माणूस दिलदार. कुणी नुसतं 'आज जरा...' म्हटलं की यांचा हात खिशात जातो आणि गोळी बाहेर येते. देवळातल्या पुजाऱ्याने तीर्थ द्यावं तशी ते गोळी देतात, आणि आपण उजव्या हाताने घ्यायची. म्हणाले, "आवो सर, ती साधी गॅसची कशापायी खाताय? ही घ्या. डबल पावरची हाय. मला लय लागू पडली."

'लागू पडली' या दोन शब्दांपुढे आमच्याकडे डिग्री चालत नाही. डॉक्टरने दिलेलं औषध आपण घेतो, पण मित्राला लागू पडलेलं औषध आपण विश्वासाने घेतो. मी घेतली. दुपारी पोट शांत. मी मेडिकलवाल्याकडे जाऊन मित्राची रिकामी पट्टी दाखवली, त्याने भरलेली दिली. विषय संपला. तेव्हापासून ती गोळी माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी राहायला लागली. सुक्या मेव्याच्या डब्यात तिला जागा नव्हती, कारण त्या डब्यात औषधं होती आणि ही गॅसची होती. हा फरक मला कुणी शिकवला नव्हता. आपल्याकडे तो शिकवावा लागत नाही. बडीशेप जशी जेवणात धरत नाहीत, तशी गॅसची गोळी औषधात धरत नाहीत.

काही महिन्यांनी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. आधी मला वाटलं, कप नवीन आहेत. मग पेन धरताना अंगठा आपला आपण नाचायला लागला. फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, औषधं कोणकोणती चालू आहेत? मी शाळेतल्या पाढ्यांसारखी धडाधड म्हणून दाखवली, रंगासकट. ते खूश झाले. म्हणाले, वयोमानाने होतं, थरथर कमी करायची एक गोळी देतो, बाकीचं चालू ठेवा. त्या गोळीने थरथर थोडी कमी झाली, तोंड मात्र वाळवंट झालं आणि पोट साफ व्हायचं थांबलं. मग पोट साफ व्हायची पावडर. मग रात्रीची झोप गेली, मग झोपेची. पोटाला इतका व्याप झाल्यावर जळजळ वाढणारच, म्हणून मी आपल्या मनाने खिशातली गोळी सकाळच्या जोडीला संध्याकाळीही घ्यायला लागलो. आणि मग ते चालणं सुरू झालं, हॉल, पॅसेज, गॅलरी.

मुलगा उलव्याला राहतो. नवा टॉवर, वरचा मजला, लिफ्टमध्ये आरसा. त्याने तिथे घर घेतलं तेव्हा सत्यनारायण केला आणि म्हणाला, बाबा, पूजेला तुम्ही आणि आई बसा. पुन्हा 'बसा'. मी नको म्हणायला हवं होतं. पण सोवळं नेसून, सगळ्या नातेवाइकांसमोर, नव्या टाइल्सवर पाटावर बसायचा मान कोण सोडतो? मी बसलो. गुरुजींनी माझ्या उपरण्याची आणि हिच्या पदराची गाठ मारली. पहिला अध्याय मी मांडीखाली हात दाबून काढला. दुसऱ्यात मी डोलायला लागलो. मागच्या बायकांना वाटलं, काकांची काय तल्लीनता आहे. तिसऱ्यात साधुवाणी नावेत बसला आणि मी उठलो.

ठरवून नाही उठलो. पाय उठले, त्यांच्याबरोबर मी. माझ्याबरोबर गाठ, गाठीबरोबर पदर, पदराबरोबर ही. तिने तोल सांभाळायला हात टेकला तो पंचामृताच्या वाटीवर. गुरुजी पोथी मोबाईलवर वाचत होते. पंचामृत मोबाईलवर गेलं आणि साधुवाणी नदीच्या मधोमध अडकला. गुरुजींनी मोबाईल उपरण्याने पुसला, बोट फिरवलं, तर स्क्रीनवर मधाने भलतंच काही उघडलं. मी हसलो असतो, पण चेहऱ्यावर इस्त्री. आणि त्याही अवस्थेत मी उभ्या उभ्या जागच्या जागी पाय बदलत होतो, ही खाली बसून पदर ओढत होती, आणि सगळं घर मला बघत होतं.

त्यांत मला मुलाचा चेहरा दिसला. त्याला राग आला नव्हता, तो घाबरला होता.

जेवणं झाल्यावर तो आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेला. त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, पूजेने फक्त शिक्का मारला. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाबांना एका जागी बसता येत नाही, हात थरथरतात, बोलणं हळू झालंय. हे डोक्याचं काहीतरी आहे आणि ते वाढत जाणार. आईला एकटीला हे झेपणार नाही. तेव्हा दिवाळीपर्यंत दोघांनी उलव्याला यायचं, सानपाड्याचं घर भाड्याने द्यायचं. कळंबोलीचा एक ओळखीचा टेम्पोवाला आहे, सामान एका फेरीत येईल. सून दारात उभी होती, तीही मनापासून म्हणाली की इथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, काही कमी पडणार नाही. खिडकीबाहेरून एक विमान उतरत गेलं. मी ते बघायच्या निमित्ताने खोलीत तीन चकरा मारून घेतल्या, त्यामुळे मुलाचा मुद्दा अधिकच पक्का झाला.

आम्ही रिक्षाने परतलो. घरी आल्यावर हिने स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच खालीवर केली. मी पॅसेजमध्ये होतो, अर्थात चालत. ती तिथूनच म्हणाली, "तिकडे सगळं आहे हो. पण तिथे चहा करायचा झाला तरी मी कुणाला तरी विचारणार, दूध कुठलं घेऊ. इथे मी कुणाला विचारत नाही."

तेवढंच. पण त्या वाक्याने माझ्या फेऱ्यांना नवीन वजन आलं. माझे पाय थांबत नव्हते म्हणून तिचं स्वयंपाकघर जाणार होतं. मी जिद्दीने बसून बघितलं. खुर्चीचे हात घट्ट धरले, देवाचं नाव घेतलं, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचल्या. खुर्ची सोडून मी गॅलरीत कधी पोचलो ते मलाच कळलं नाही.

मुलाने वाशीला एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. त्या म्हाताऱ्या माणसांचंच बघतात. त्याच्या हिशेबाने ती नुसती खातरजमा होती. डॉक्टरांनी हो म्हटलं की लगेच टेम्पो सांगायचा. मला हे माहीत होतं, म्हणून मी सकाळपासून तयारी केली होती. हसायचं, झटपट बोलायचं, हात खिशात ठेवायचे आणि काहीही झालं तरी बसायचं.

बाहेर तासभर ताटकळलो. आत गेलो, बाई म्हणाल्या, "बसा काका." बसलो. आणि उठलो. पुन्हा बसलो. मुलगा माझ्याकडे न बघता सांगत होता, पूजेचं, चालण्याचं, सगळं. हिने डब्यातल्या गोळ्या टेबलावर मांडल्या. बाईंनी एकेक हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, कागदावर लिहिली आणि विचारलं, याशिवाय अजून काही घेता? मी ठणकावून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, कुणी दिलेलं, काहीही? मला रागच आला. एवढा चोख डबा समोर मांडला आणि वर अविश्वास. राग आला की माझ्या छातीत जळजळतं. मी गोळी खिशातून काढली, पट्टी फोडली, त्यांच्याच टेबलावरच्या ग्लासातलं पाणी घेतलं आणि गिळली.

बाई पेन हातात धरून बघत राहिल्या.

"काका, हे काय घेतलंत?"

"काही नाही. गॅसची."

"बघू ती पट्टी."

मी दिली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली, मग चष्मा लावून पुन्हा वाचली. कधीपासून, दिवसातून किती वेळा, कोणी दिली? मी सांगत गेलो. मित्राचं नाव मात्र सांगितलं नाही, माणुसकी म्हणून काही असतं. हिच्याकडे वळून त्यांनी विचारलं की ही तुम्ही डब्यात का नाही ठेवलीत. हिने खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारलं, "गॅसची पण सांगायची असते?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या डबल पावरच्या गोळीत दोन औषधं होती. एक साधं, ॲसिड कमी करणारं. दुसरं पोट हलतं ठेवणारं, आणि ते पोटापुरतं थांबत नाही, मेंदूपर्यंत जातं. म्हाताऱ्या माणसांमध्ये त्याने हात थरथरू शकतात, चेहरा ताठ होऊ शकतो, आणि काहींना एका जागी बसवत नाही. थरथरीची गोळी त्याच्यावर उतारा म्हणून आली, पावडर थरथरीच्या गोळीवर उतारा म्हणून आली. बहुतेक असंच असावं, त्या म्हणाल्या, पण नक्की सांगत नाही. ही बंद केल्यावर काही आठवड्यांनी, कदाचित महिन्यांनी कळेल. खरा आजार असेल तर तो तेव्हा दिसेलच.

मुलाने विचारलं, मग आत्ता काय सुरू करायचं?

"सुरू काही नाही. ही बंद," त्या म्हणाल्या, आणि कागदावर तसं लिहून खाली सही केली.

निवृत्तीनंतर इतक्या वर्षांत मी 'बंद' या शब्दाखाली पहिली सही बघत होतो. मला इतका आनंद झाला की त्या भरात मी पुढचं ऐकलंच नाही. थरथरीची नंतर हळूहळू कमी करू, बाकीच्यांना मला विचारल्याशिवाय हात लावू नका, हे त्या बोलल्या म्हणे. मी घरी येऊन सुक्या मेव्याचा डबा रिकामा केला. प्रेशरची बंद, शुगरची बंद, सगळ्या फायली एकदम निकाली. दोन दिवस राजासारखा हिंडलो, म्हणजे तसाच हॉल-पॅसेज-गॅलरी, पण राजासारखा. तिसऱ्या सकाळी डोकं असं ठणकायला लागलं की भिंतही हलत होती. हिने शेजारच्यांचं मशीन आणून प्रेशर बघितलं आणि आकडा मला सांगितला नाही, थेट डॉक्टरबाईंना फोन लावला. फोनवर त्या काय म्हणाल्या तेही मला सांगितलं नाही. फक्त तेव्हापासून डबा तिच्या ताब्यात गेला आणि मला गोळी हातावर मिळायला लागली, शाळेच्या पोरासारखी. मुलाला यातलं काही कळवायचं नाही, एवढी विनंती मी केली. ती म्हणाली, कळवू कशाला, तो टेम्पो उद्याच पाठवेल.

कट्ट्यावर मी मित्राला आडवळणाने सांगून बघितलं. त्यांना लागलं.

"म्हंजी म्या तुमाला इख दिलं व्हय?"

तसं नव्हे हो, मी म्हटलं, तुम्हाला चालते, मला चालली नाही. तुम्हीही एकदा डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हात पुढे करून मला दाखवला. खरोखर दगडासारखा स्थिर. मग त्यांनी तोच हात खिशात घातला आणि पलीकडच्या बाकावर गुडघा चोळत बसलेल्या गृहस्थांकडे वळले. मी उठलो. त्या वेळी मात्र मी कारणाने उठलो होतो, ती गोळी अडवायला.

बरं होणं काही गोष्टीतल्यासारखं झालं नाही. पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता, उलट जळजळ परत आली. डॉक्टरबाईंनी त्यासाठी औषध न देता रात्रीचं जेवण लवकर करायला आणि संध्याकाळची भजी सोडायला सांगितलं, हा मला त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय वाटला. घरात किराणावाल्याकडून आणलेली रिकामी खोकी येऊन पडली होती. ही त्यांत काही भरत नव्हती आणि ती फेकतही नव्हती. मी फेऱ्या मारताना त्यांना वळसा घालायचो. मग कधीतरी कप बशीवर वाजायचा कमी झाला. कधीतरी ही म्हणाली की आज तुम्ही हसलात तर डोळेही हसले. पण रोज नाही. एक दिवस बरा, दोन दिवस पुन्हा पायांत तेच. त्या दोन दिवसांत मला खात्री वाटायची की मुलाचंच खरं आहे, औषधाचं नुसतं निमित्त, माझं डोकंच गेलंय. आणि तेव्हा मी जास्तच चालायचो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मुलगा आला. भाडेकरूचं बघायचं होतं, एजंट दुपारी फोन करणार होता. हिने थालीपीठं केली. तो जेवता जेवता ऑफिसचं सांगत होता, त्याच्या साहेबाची नक्कल करत होता. लहानपणी तो माझी करायचा तशीच. मी विचारत होतो, मग पुढे काय झालं, आणि तो सांगत होता. ताटं उचलली गेली, पंखा एक नंबरवर केला, तो अजून सांगतच होता. मग बोलता बोलता मध्येच थांबला.

"बाबा, तुम्ही मगापासून उठला नाहीत."

मी खाली बघितलं. खरंच, मी खुर्चीत होतो. पाठ टेकलेली, एक पाय दुसऱ्यावर. हात टेबलावर होता, अंगठा थोडा हलत होता, पण थोडाच. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. ही ऐकत होती.

तेवढ्यात एजंटचा फोन आला. मुलगा फोन घेऊन गॅलरीत गेला आणि आमच्याकडे पाठ करून बोलला. आम्हाला शेवटचं तेवढं ऐकू आलं, सध्या राहू दे. परत येऊन तो टेम्पोबद्दल काही म्हणाला नाही. खोक्यांकडे बघून म्हणाला, आई, ही रद्दीत दे. निघताना त्याने मला नमस्कार केला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ माझा हात धरून ठेवला. थरथर मोजत असावा. मोजू दे.

दार लागल्यावर मी हिला म्हटलं, ऐकलंस ना, 'सध्या' म्हणाला. मी टिपणं लिहिलेला माणूस. 'सध्या' म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे.

"सध्या तर सध्या," ती म्हणाली. "आपल्या वयाला त्याच्यापेक्षा लांबचं कोण लिहून देतं? उठा, दूध संपलंय. खाली जाऊन घेऊन या."

आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मला उठायचा कंटाळा आला.